किती लांब, म्हणजे किती वेळ

लेकीचं तिकीट आलं त्या संध्याकाळी आईने विचारलं, "किती लांब आहे गं ते?"

मी फोनवर बघून सांगितलं, "बारा हजार चारशे किलोमीटर."

आई चष्मा पुसत होती. पुसून झाल्यावर तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "किलोमीटर घेऊन मी काय करू? मला एवढंच सांग, पोरीचे पाय किती वेळ जमिनीला टेकणार नाहीत?"

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, मध्ये कुठेही न थांबता. तिकिटावर साडेपंधरा तास होते. मी तसं सांगितलं. आईने बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. एका हाताची पेरं संपली, मग दुसऱ्या हाताची तीन, आणि मग ती थांबली. "अर्ध्या तासाला पेर नाही," म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लेक पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब चालली होती, हे कारण होतंच. पण आईचा प्रश्न जास्त टोचत होता. मी आकडा सांगितला होता आणि तो अगदी बरोबर होता, तरी तिला हवं ते उत्तर त्यात नव्हतं. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. मजल म्हणजे मुळात एका दिवसात चालून गाठायचा मुक्काम. मजल दरमजल करत जाणारा माणूस किती कोस चालला यापेक्षा किती रात्री वाटेत काढल्या हे सांगायचा. 'दोन दिवसांची वाट' म्हटलं की अंतर आणि काळ एकाच मापात यायचे. कारण वेग एकच होता, पायांचा. वेग बदलला तशी ती जोडी फुटली. आता एक आकडा जमिनीचा आणि दुसरा घड्याळाचा, आणि दोन्ही एकमेकांशी दरवेळी जुळतातच असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला. 30 सेंटीमीटर व्यासाचा, तिरक्या आसावर फिरणारा. ग्रीनलंडच्या जवळ कागदाचा जोड सुटून वर आला होता. आईच्या शिवणाच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ घेतलं. दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर अंगठ्याने दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर. भिंतीवरचा नकाशा बघून बघून डोळ्यांत जी वाट बसली आहे तीच हाताने धरली: चीन, जपान, मग पॅसिफिकच्या बरोबर मधून पलीकडे. दोरा सैल लोंबत होता म्हणून मी तो ताणायला घेतला. ताणला तसा तो माझ्या बोटांखालून निसटत वर वर सरकायला लागला. जपान सोडलं, पॅसिफिक सोडला, सैबेरियावर चढला, आर्क्टिक महासागरात शिरला, 75 अंश उत्तरेपर्यंत जाऊन अलास्कावरून खाली उतरला आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडेने कॅलिफोर्नियात आला. तिथे तो थांबला. आणखी ताणला तरी हलेना.

आई बाजूला उभी राहून बघत होती. तिने दोऱ्यावर बोट ठेवलं. "एवढी वर जाणार ती? बर्फातून?"

गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. दोन गावं आणि पृथ्वीचं केंद्र यांतून सुरी फिरवली, तर कापलेल्या कडेवर तो रस्ता दिसेल. हे मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ताणलेला दोरा स्वतःहून ध्रुवाकडे सरकताना बोटांना जाणवला, तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं असं म्हणायला हवं. भिंतीवरच्या नकाशाने आपला समज वेगळाच करून दिलेला असतो. मर्केटरने 1569 मध्ये तो नकाशा केला तो दर्यावर्दींसाठी. होकायंत्रावर एकच दिशा धरून जहाज हाकायचं असेल तर ती वाट त्या नकाशावर सरळ रेघ होते. त्या सोयीपायी जवळची वाट मात्र कमानीसारखी वाकडी दिसते. विमानाच्या खिडकीशेजारच्या पडद्यावर आपलं विमान उगाच वळसा घेतंय असं वाटतं, तेव्हा बहुधा ते सरळच चाललेलं असतं.

दोरा मी पट्टीवर धरला. 29 सेंटीमीटर आणि वर थोडा. या गोलाचा परीघ 94 सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण 425 किलोमीटर. गुणाकार केला तर उत्तर फोनवरच्या आकड्याच्या अगदी शेजारी आलं. शिवणाच्या दोऱ्याने आणि शाळेच्या पट्टीने! मला त्याचा फार आनंद झाला. एवढी मोठी पृथ्वी घरातल्या वस्तूंनी मोजता येते ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

परीघ 40,000 किलोमीटर हा इतका गोल आकडा कसा, असं मला लहानपणी वाटायचं. तो योगायोग नाही. 1791 मध्ये फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तोच मुळी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. आधी पृथ्वी आणि मग पट्टी, असा तो क्रम होता. सागरी मैलही तसाच, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, 1,852 मीटर. वैमानिक अजून त्याच मैलात अंतर सांगतात.

त्यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि तिने मला त्या दिवसांत खरंच धीर दिला. परीघ 40,000 असेल तर कुठलीही दोन गावं एकमेकांपासून 20,000 किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. तेवढं गेलं की माणूस पृथ्वीच्या बरोबर पाठीमागे पोचतो. स्पेन आणि न्यूझीलंड जवळजवळ तसे आहेत, एकमेकांच्या तळव्यांखाली. त्याच्या पुढे टाकलेलं प्रत्येक पाऊल परत जवळच आणतं. लांब जाण्यालाही हद्द आहे हे आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ते बरं केलंय."

पण लाल दोऱ्याच्या वाटेने विमान जात नाही. दोरा दिल्लीहून निघाल्या निघाल्या हिमालय ओलांडून तिबेटवर जातो, आणि तिबेटवरून जाणं विमानं शक्यतो टाळतात. पर्वत उंच म्हणून नाही, विमान त्याहून कितीतरी वर असतं. अडचण वेगळीच आहे. आतल्या हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने 10,000 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 3,000 मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून सुटणाऱ्या पिवळ्या मास्कमधला ऑक्सिजन प्रवाशांना बारा-पंधरा मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी 4,500 मीटर उंचीवर. खाली यायचं तर यायचं कुठे? म्हणून बहुतेक विमानं पठाराला बगल देतात. मास्कच्या पंधरा मिनिटांनी वाटेची शेकडो किलोमीटर ठरवावीत, हे वाचलं तेव्हा त्या सूचना मी पहिल्यांदा नीट समजून घेतल्या. विमान सुटण्याआधी हवाईसुंदरी हातवारे करून जे दाखवते, त्याच्याकडे आपण किती कमी बघतो.

दुसरा अडथळा माणसांचा. आकाशालाही हद्दी असतात आणि त्या बंद होतात. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यातलं अंतर सुमारे 7,800 किलोमीटर. सोव्हिएत काळात सैबेरियाचं आकाश परक्या विमानांना जवळपास बंदच होतं, त्यामुळे युरोपातून जपानला जाणारी कितीतरी विमानं अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन भरायची. 1983 मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने मधला थांबा काढून टाकला आणि थेट उत्तर ध्रुवाजवळून विमान न्यायला सुरुवात केली. पुढे सैबेरिया उघडलं आणि तोच प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. एक अख्खी पिढी त्या दहा तासांवर वाढली. मग 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना पुन्हा बंद झालं, आणि हेलसिंकी-टोकियो विमानं परत ध्रुवाकडून जाऊ लागली, बारा-तेरा तास घेत. दोन्ही शहरं आपापल्या जागी आहेत. त्यांच्यामधला दोरा एका मिलिमीटरनेही लांबलेला नाही. तरी हेलसिंकीतल्या कुणा आईची टोकियोतली लेक तीन तास लांब गेली. हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ काही वाचलं नाही.

आणि मग वारा.

वाऱ्याबद्दल मी आधी फार विचार केला नव्हता. विमान ताशी 900 किलोमीटरने जातं, तर अंतराला 900 ने भागावं आणि चढ-उताराचा अर्धा-पाऊण तास मिळवावा, असं माझं गणित. पण विमानाचा वेग हवेतला असतो आणि ती हवा स्वतः चाललेली असते. उत्तर गोलार्धात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं जिथे उडतात नेमकी तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर ताशी दोनशे, कधी तीनशे किलोमीटरच्याही वर जातो. 1920 च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने आकाशात फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांचा माग काढून हा वारा मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्याने आपला अहवाल एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी म्हणून बनवलेल्या भाषेत छापला आणि तो जगाने वाचला नाही. 1944 मध्ये जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तो वारा अंगावर आला, तेव्हा बाहेरच्यांना त्याची खरी ओळख पटली. ओइशींचा मला आदर वाटतो. एकाच जागेवरून फुगे सोडत राहायचे, दिवसामागून दिवस, आणि आकाशातली नदी शोधून काढायची.

नदीच ती. शाळेत नावेची गणितं असायची, प्रवाहाच्या दिशेने अमुक वेळ, प्रवाहाविरुद्ध तमुक वेळ. तेच गणित इथे. 9,000 किलोमीटरचा प्रवास, विमानाचा वेग 900, वारा 100. जाताना वारा पाठीशी असेल तर नऊ तास. येताना तोंडावर आला तर सव्वाअकरा. बेरीज सव्वावीस. वारा नसता तर वीस. म्हणजे वारा जाताना जेवढं देतो त्याहून येताना थोडं जास्त काढून घेतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. हे गणित मी तीनदा करून बघितलं.

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट तर अशी आहे की ती मी आईला सांगितली आणि तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला लावली. एअर इंडियाची विमानं आधी पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिकवरून जायची. ती वाट सुमारे 13,900 किलोमीटर. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी दिशाच उलटी केली आणि पूर्वेकडून, पॅसिफिकवरून विमान नेलं. ती वाट सुमारे 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 किलोमीटर जास्त. आणि ते विमान साधारण साडेचौदा तासांत पोचलं, अटलांटिकच्या वाटेपेक्षा लवकर. पश्चिमेकडून जाताना जो वारा छातीवर यायचा तोच आता पाठीवर घेतला होता. भागाकार करून बघा, सरासरी ताशी 1,050 किलोमीटरच्या वर जाते.

"म्हणजे लांबची वाट जवळची निघाली," आई म्हणाली.

यावर पुष्कळांना वाटतं की पृथ्वी फिरते म्हणून असं होत असेल. मलाही वाटायचं. पण पृथ्वीबरोबर तिचं सगळं वातावरण फिरतं आणि त्यातलं विमानही. पृथ्वीच्या फिरण्याने वारे वळतात, एवढाच तिचा हात त्यात आहे. वाऱ्याने किती होऊ शकतं हे 2020 च्या फेब्रुवारीत दिसलं. सियारा वादळाच्या वेळी एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी वेळापत्रकात सात तासांच्या आसपास असतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग काही वेळ ताशी 1,300 किलोमीटरच्या वर होता, तरी ध्वनीची भिंत त्याने तोडली नाही, कारण त्याच्याभोवतीची हवाही त्याच्यासोबत धावत होती.

लेक ऑगस्टमध्ये निघाली. उन्हाळ्यात वारा मंद असतो, म्हणून साडेपंधरा तास. पहाटे तीनचं विमान, आणि उतरायची वेळ सकाळी सहा, त्याच तारखेची. आईला हे काही केल्या पटेना. "तीनला निघून सहाला पोचते, मग साडेपंधरा तास कुठे गेले?"

ते कुठे गेले हे मला त्या रात्री फोनच्या पडद्यावर दिसलं. विमानतळावरून परत येऊन मी ट्रॅकर लावून बसले. पिवळं, नखाएवढं विमान. ते पूर्वेकडे वळलं आणि चालायला लागलं. बोट लावलं की खाली उंची आणि वेग दिसायचा. 33,000 फूट, ताशी 940. इंधनाने जड असलेलं विमान आधी खालच्या पातळीवर उडतं आणि जळून जळून हलकं झालं की टप्प्याटप्प्याने वर चढतं, हे मी वाचलं होतं. आता ते समोर घडत होतं. काही तासांनी आकडा 35,000 झाला. इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागतं, म्हणून इतक्या लांबच्या विमानाचं सुरुवातीचं वजन फार मोठं असतं. ते उतरत गेलं की श्वास मोकळा झाल्यासारखं विमान वर येतं. 35,000 दिसले तेव्हा माझाही श्वास जरा मोकळा झाला.

त्या पडद्यावर दिवस आणि रात्र यांची सीमाही दाखवतात, राखाडी सावलीची कड. निघाल्यावर दीड-दोन तासांतच विमान त्या सावलीतून बाहेर पडलं. लेकीने पहिला सूर्योदय पाहिला तेव्हा आमच्या खिडकीबाहेर अजून उजाडत होतं. पूर्वेकडे जाणाऱ्याचा दिवस आखूड होतो, कारण तो सूर्याच्या समोरून धावत येतो आणि त्याला ओलांडून जातो. आमची दुपार कलायच्या आतच ती जपान मागे टाकून पॅसिफिकवर संध्याकाळीत शिरली होती. मग आंतरराष्ट्रीय वाररेषा आली. त्या रेषेवर पाण्याशिवाय काही नाही. विमान ती ओलांडून गेलं आणि तिची तारीख एक दिवस मागे गेली. मग परत रात्र, छोटीशी. आणि उतरताना पुन्हा उजाडत होतं, पुन्हा त्याच तारखेचं. एका तारखेचे दोन सूर्योदय.

मी हे आईला समजावत होते तेव्हा मला दुसऱ्या महायुद्धातली कॅटालिना विमानं आठवली. 1943 ते 1945 या काळात क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीची ही पाण्यावर उतरणारी विमानं ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून श्रीलंकेतल्या कोगलाला जायची. खालचा मुलूख जपानच्या ताब्यात, म्हणून रेडिओ बंद. ताऱ्यांवरून दिशा धरायची. इंधनाचं वजन इतकं की टपालाखेरीज जेमतेम तीन प्रवासी. 27 ते 33 तास लागायचे. एका उड्डाणात दोनदा सूर्य उगवताना दिसायचा, म्हणून प्रवाशांना 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चं प्रमाणपत्र देत. त्या माणसांच्या घरी काय असेल? रेडिओच बंद म्हटल्यावर 30 तास काहीच कळत नसणार. पडद्यावरचं पिवळं विमान नाही, उंचीचा आकडा नाही. त्यांनी ते तास कसे काढले असतील, हे मला त्या दिवशी राहून राहून वाटत होतं.

सिडनी-लंडन हे अंतर मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे, कारण काळ कसा आटत गेला ते त्या एका वाटेवर स्वच्छ दिसतं. 1947 च्या डिसेंबरमध्ये क्वांटासचं पहिलं नियमित विमान सिडनीहून निघालं तेव्हा डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे मुक्काम करत चार दिवसांत लंडनला पोचलं. मजल दरमजलच म्हणायची ती. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये लंडनहून सिडनीला एक विमान चाचणी म्हणून न थांबता नेलं, सुमारे 17,800 किलोमीटर, 19 तास 19 मिनिटं. तेवढ्या वेळात माणसाचं शरीर काय काय सोसतं हे पाहायला त्यात निवडक प्रवासी बसवले होते. आज नियमित चालणाऱ्या लांब उड्डाणांपैकी सिंगापूर-न्यूयॉर्क 15,300 किलोमीटरच्या वर आहे आणि त्याला अठरा तासांहून जास्त लागतात. पाय जमिनीला न टेकता अठरा तास.

शरीराचं घड्याळ मात्र पायीच येतं. वेळेच्या फरकातला एकेक तास जिरवायला त्याला साधारण एकेक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे गेलं तर जास्त त्रास होतो. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा जरा संथ चालतं, त्यामुळे त्याला दिवस लांबलेला चालतो, आखूड झालेला नाही. लेक पोचल्यावर पहिले आठ दिवस भर दुपारी झोपत होती आणि रात्री दोनला टक्क जागी. ती विमानाने गेली खरी, तिची झोप मागून मजल दरमजल करत आली.

विमान वेळेच्या वीस मिनिटं आधी टेकलं. यात नवल नाही. तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतची, चाकांचे ठोकळे काढण्यापासून ठोकळे लावण्यापर्यंत, आणि त्यात उशिराची तरतूद म्हणून काही मिनिटं धरलेली असतात. आईला मी सांगितलं, "टेकले गं पाय." ती म्हणाली, "चाकं टेकली. पाय अजून आत आहेत." आणि फोन समोर घेऊन बसली. पुढे पंचेचाळीस मिनिटांनी लेकीचा फोन आला, सामानाच्या पट्ट्याशेजारून. आई एवढंच म्हणाली, "खाली आहेस ना? जमिनीवर?"

नंतरचा एक महिना आईने एकच उद्योग केला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लेकीची वेळ काढायची. साडेबारा तासांचा फरक. मी तिला वजाबाकी शिकवली, ती काही जमेना. मग एका सकाळी तिने मला हाक मारून घड्याळाखाली उभं केलं. "हे बघ," म्हणाली, "तिचं घड्याळ आपलंच आहे. फक्त अर्धा तास मागे, आणि दिवसाच्या जागी रात्र." खरंच की. इथे नऊ वाजले तर तिथे साडेआठ, छोट्या काट्याची जागा जवळजवळ तीच. मी इतकी वर्षं आकडेमोड करत आले आणि मला हे दिसलं नव्हतं. आईने छोटा काटा बघितला होता, मी आकडे बघत होते.

लाल दोरा अजून गोलावर आहे. दोन्ही टोकांना तिने मेणाचे ठिपके लावून तो चिकटवून टाकला आहे, म्हणजे सैल पडायला नको.

नोव्हेंबरचा पहिला रविवार गेला. सोमवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळी आईने फोन लावला, घड्याळात नऊ, तिकडे साडेआठ धरून. लेकीने झोपेतच उचलला. तिथे साडेसात वाजले होते. हिवाळ्यासाठी त्यांची घड्याळं एक तास मागे घेतात हे मी आईला सांगायला विसरले होते. फोन ठेवल्यावर तिला सगळं समजावलं: उन्हाळ्यातली वेळ, हिवाळ्यातली वेळ, आता फरक साडेतेरा तासांचा, मार्चमध्ये परत साडेबारा होईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग गोलाशी गेली, दोरा दोन्ही टोकांना चिकटलेला आहे ना ते अंगठ्याने दाबून बघितलं.

"म्हणजे मार्चपर्यंत ती एक तास लांब?"